उशीखालच्या गोळ्या

चादर बदलायला नर्सने उशी उचलली आणि खाली गोळ्या सापडल्या. काही अख्ख्या, काही अर्धवट विरघळलेल्या, तोंडातून काढून लपवलेल्या. दवाखान्यात भरती करूनही सुताराच्या लहानग्या पोरीच्या फिट का थांबत नव्हत्या, ते आता सगळ्यांना कळलं.

"गोळ्या नीट पोटात गेल्या तर बरी होईल," डॉक्टर म्हणाले. "पुन्हा चुकल्या तर जिवाची खात्री मी देणार नाही."

पोरीला भेटायला आलेले चर्चचे पाळक हे ऐकून हादरले. मंडळीतली शिंपीणबाई नुकतीच अशीच गेली होती. 'औषध घेणं म्हणजे देवावर अविश्वास' असं शेजारणीला सांगून तिने मधुमेहाच्या गोळ्या फेकून दिल्या होत्या. पाळकांनी असलं कधीच शिकवलं नव्हतं. त्यांना स्वतःला साध्या सर्दीलाही डॉक्टर लागायचा. म्हणजे कुणीतरी त्यांच्या पाठीमागे ही खोटी शिकवण पेरत होतं. विचारायला जावं तर माणसं चपला शोधायला लागत. रविवारी उपदेशाला उभं राहिलं की पाळकांना समोरच्या प्रत्येक चेहऱ्याची भीती वाटे. यातला लांडगा कोण?

त्यांनी घड्याळजींना बोलावून घेतलं. चौकातलं घड्याळदुरुस्तीचं दुकान त्यांचं. शांत, मृदू बोलणारा माणूस. चर्चचा कारभार पाहणारे वडील म्हणून मंडळीने त्यांना निवडलं, त्याला कैक वर्षं झाली होती. पाळक आले, बदलून गेले, घड्याळजी मात्र जागच्या जागी. कुणी आजारी पडलं की पाळकांच्याही आधी ते उशाशी हजर असत.

सुतार खाली दूध आणायला गेला होता. दोघे खाटेशेजारी बसले.

"बाळा, गोळ्या लपवायला तुला कुणी सांगितलं?" पाळकांनी विचारलं.

पोरीने घड्याळजींकडे पाहिलं.

"बोल, भिऊ नकोस," ते म्हणाले. "देवाला खोटं आवडत नाही."

"वडिलांनी," ती पुटपुटली. "म्हणाले, गोळी गिळली की देव रुसतो."

पाळकांनी डोळे मिटले. घड्याळजींनी मोठा सुस्कारा सोडला.

"कुंपणच शेत खातं म्हणतात, ते हे. आईवेगळी पोर, आणि बापाने तिला हे शिकवावं!"

"घरी पाठवली तर हातची जाईल हो," पाळक म्हणाले.

"माझ्याकडे राहू दे थोडे दिवस. बायको दिवसभर घरातच असते. आणि घड्याळजीच्या घरात गोळीची वेळ चुकेल होय?"

एवढ्या काळजीतही पाळकांना हसू आलं. जिवात जीव आला.

दुधाची किटली घेऊन आलेल्या सुताराला त्यांनी जिन्यातच गाठलं. "गोळ्या लपवायला कुणी शिकवलं विचारलं तर पोर तुझंच नाव घेतेय. थोडे दिवस ती घड्याळजींकडे राहू दे," असं म्हटल्यावर त्या धिप्पाड माणसाचं अवसान गळालं.

"माझं?"

त्याने किटली पायरीवर ठेवली. भांडला नाही, ओरडला नाही. पोटच्या पोरीनेच बोट दाखवल्यावर भांडायचं कुणाशी? पोर वाचत असेल तर न्या, एवढंच म्हणाला.

डॉक्टरांनी घरी सोडलं त्या दिवशी घड्याळजी रिक्षा घेऊन आले. मांडीवर औषधाची पिशवी नीट धरून बसले.

"बाबा, तू पण चल ना!" पोर आतून ओरडली. सुताराने मान फिरवली. रिक्षा वळून गेली तरी तो फाटकाकडे पाठ करून उभा होता.

संध्याकाळी पाळक त्याच्या कारखान्यात गेले. माणूस चुकला असला तरी त्याला वाऱ्यावर सोडून चालत नाही. सुतार रंधा मारत होता. फळी कधीच गुळगुळीत झाली होती, तरी मारतच होता. पायाशी भुशाचा ढीग साचला होता.

"रोज गोळी मी माझ्या हाताने दिली," तो मान वर न करता म्हणाला. "पाण्याचा पेला मी धरायचो. मी तिला असलं शिकवीन?"

"तिने तिच्या तोंडाने सांगितलं. मी माझ्या कानांनी ऐकलं. कबूल कर, देव क्षमा करतो."

"काय म्हणाली ती? नेमकं काय म्हणाली?"

"वडिलांनी सांगितलं म्हणाली. आणखी काय म्हणायला हवं?"

रंधा थांबला. सुताराने पहिल्यांदाच मान वर केली.

"पाळकसाहेब, मला ती बाबा म्हणते. वडील म्हणते ती घड्याळजींना."