मॉस्कोची पुस्तकं

आश्लेषाच्या सरकारी नोकरीसाठी चौकशी अधिकारी अमेरिकेतल्या हर्नडन गावी त्यांच्या घरी आला होता. तिच्या वडिलांचं नाव, पत्ता, ओळखीच्या दोन माणसांची नावं लिहून घेऊन त्यानं विचारलं, "सोव्हिएत रशियाशी कधी संबंध?" तो देश मोडून बारा वर्षं झाली, तरी प्रश्न फॉर्मवर होताच.

"होता की!" मनोहररावांनी मॉस्कोत छापलेली फिजिक्सची पुस्तकं ऐटीत टेबलावर मांडली. "पुण्यात मी यांच्यावरच शिकलो. इथे आश्लेषासुद्धा."

"बाबा, प्लीज!" आश्लेषानं कपाळाला हात लावला.

अधिकाऱ्यानं एक पुस्तक बराच वेळ चाळलं आणि पेन खाली ठेवलं. "हे पंधरा दिवस नेऊ? मुलगा फिजिक्समध्ये नापास झालाय."

"खुशाल न्या." मनोहररावांनी आपली वही त्याच्यापुढे सरकवली. "नाव, पत्ता आणि ओळखीच्या दोन माणसांची नावं लिहा."