चुकांची वही

संगणकाच्या पडद्यावर लाल अक्षरं आली आणि निवृत्त गणितशिक्षिका शरयूताईंनी बर्लिनला लेकीला फोन लावला. गच्चीवरच्या तापमानाच्या नोंदींमधून सगळ्यात उष्ण दिवस शोधणारा त्यांचा पायथन या संगणकभाषेतला प्रोग्रॅम अडला होता.

“आई, आजच्या तापमानाला तू ‘मॅक्स’ नाव दिलंयस. ते पायथनच्या स्वतःच्या, सगळ्यात मोठा आकडा शोधणाऱ्या फंक्शनचं नाव आहे, म्हणून ते फंक्शनच चालेना झालंय. नाव बदल. ठेवते.”

लेक चक्क चार मिनिटं बोलली! एरवी “कशी आहेस?” विचारायला फोन केला, की ती मीटिंगमध्ये असायची.

आठवडाभरात शरयूताईंनी अशी सगळी नावं वहीत उतरवली. रविवारी, चाळीस वर्षं मुलांच्या चुका काढलेल्या हातांनी, त्यांनी सगळ्यात थंड दिवस शोधताना आजच्या तापमानाला मुद्दाम ‘मिन’ नाव दिलं. लाल अक्षरं उमटताच फोन उचलला.

वहीत अजून साठेक नावं शिल्लक होती.