पाहुण्यांचा पाळणा

"अगं, आजची गंमत कोणालाच पटायची नाही!" अंधेरीच्या चाळीत, दाराबाहेर चपला काढत काशीराम म्हणाला. सुलूचा हात त्याच्या हातात होता.

जुहूच्या एका हॉटेलच्या बागेतला आकाशपाळणा तोच फिरवायचा. दिवस मावळला की त्यात फक्त हॉटेलचे पाहुणे बसणार, काशीरामच्या लेकीलासुद्धा मनाई. आज मात्र सुलू एकटीच आली आणि हॉटेलच्या खोलीची किल्ली दाखवून ऐटीत पाळण्यात बसली.

"किल्ली कुठली गं, विचारलं, तर नुसती हसली. घरी येताना वाटभर एक शब्द नाही. हात बघ कसा गारठलाय!"

पडद्याआडून रुक्मिणी वैतागली, "पुरे झाल्या थापा! आणि हळू बोला. सकाळपासून तापाने फणफणलीय सुलू, आत्ता कुठे माझ्या मांडीवर डोळा लागलाय तिचा."