काठोकाठ

फिशटँकमधला शेवटचा मासा आडवा पडून तोंडाची उघडझाप करत होता. विश्वजीत पाणी आटलं की आपोआप भर घालणारा छोटा पंप खोलत बसला होता.

"दुकानदारानं पाणी तपासून सांगितलं, तांबं उतरलंय, त्यानंच मासे मरून राहिले. ह्या पंपाच्या वायरी सडल्या असतील. स्वस्तातला तूच आणला होतास ना?"

त्याची बायको अपर्णा वाकून पंपाकडे बघू लागली.

पंप उघडला. वायरी कोऱ्या करकरीत, नळी कोरडी ठाक. भर घालायला ठेवलेल्या बादलीतल्या पाण्यावर धुळीची साय धरली होती.

"हा तर चाललाच न्हाई," तो चरकला. "पाणी कमी झाल्याशिवाय हा सुरू होत नसतो."

"ह्या उन्हाळ्यात? कूलर दिवसातून दोनदा भरावा लागतो, अन् टँक रोज काठोकाठ!" आता अपर्णाचा आवाज चढला. "मग पाणी घालतंय कोण? अन् तांबं आलं कुठून?"

तेवढ्यात विश्वजीतची आई सोवळ्यातच देवघरातून बाहेर आली. रात्रभर देवापुढं भरून ठेवलेला तांब्याचा कलश तिने दोन्ही हातांनी फिशटँकवर कलता केला.

"तुळस वाळल्यापासून तीर्थ इथंच घालते बाबा, पायदळी जायला नको. ही पाण्यातली लेकरं आजारी पडली तवापासून तर दोन येळा घालून राहिले. तरी काहून गुण येत न्हाई रे?"