गायबगळे वेगळे निघाले

मुकुंदवाडीचा सुदर्शन हाडाचा पक्षीनिरीक्षक. त्या रविवारी तो पाचोडच्या शेतात तोंड पाडून बसला, तेव्हा त्याच्या आईनं, वच्छलाबाईंनी, कारण विचारलं.

"शास्त्रज्ञांनी गायबगळ्याच्या दोन जाती केल्या, आई. आपला पूर्वेचा, आफ्रिकेतला पश्चिमेचा. आमच्या ग्रुपमधली सोनिया इजिप्त फिरून आलेली, तिथला बगळा तिनं पाहिलेला, म्हणून तिच्या यादीत घरबसल्या एक पक्षी वाढला. मला नाय!"

वच्छलाबाईंनी नव्या बांधापलीकडं पाहिलं. थोरल्या लेकाच्या, सूर्यभानच्या ट्रॅक्टरमागं बगळे किडे टिपत होते. वाटणी झाल्यापासून दोघा भावांचं बोलणं बंद होतं.

"बगळ्यांचं भांडण झालं व्हय?"

"छे! त्यांना तर पत्ताच नाय."



"मग सांगू नको बाबा त्यांना."