मोठी ऑर्डर

बेकरी काढल्यापासून त्यांचे निम्मे पाव न खपता कोंबड्यांच्याच पोटात जायचे. म्हणून आज नवऱ्याने भट्टी पेटवत "घरातल्या सगळ्या गव्हाचे पाव कर" म्हटलं, तेव्हा तिच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. एकदाची मोठी ऑर्डर आली म्हणायची! कणीक मळता मळता ती चक्क गुणगुणायला लागली.

"अहो, पीठ संपलं!"

त्याने माळ्यावरचं पोतं उतरवून घरघंटीपाशी आणलं. तिचे हात कणकेतच थांबले.

"अहो, हे तर पेरणीसाठी राखलेलं बी!"

"तेही दळ."

"आणि शेतात काय पेरायचं? असं कोण गिऱ्हाईक लागून गेलंय?"

तो खाली बघत पोत्याची शिवण उसवत राहिला.

"आपणच. प्रवास लांबचा आहे, वाटेत लागतील."