दहा वाजताची सूचना

वायर हे लिहून ठेवणारच नव्हता. कुणी वाचलं तर म्हणेल, पोराचं डोकं फिरलंय. आणि बॅटरीच्या हाती लागलं तर वेगळीच पंचाईत. पण काल दुकानात जे बोलणं झालं, ते एकट्याच्या डोक्यात मावेना.

बॅटरी हा वायरचा शाळेपासूनचा दोस्त. चौथीतच जाड भिंगं लागली म्हणून बॅटरी. पुढे बापाच्या मागे चष्म्याचं दुकानच गळ्यात पडलं. वायर हडकुळा म्हणून वायर. कॉलेज अर्धवट सोडून, व्हिडिओ बघून बघून तो वेबसाइट बनवायला शिकला आणि बॅटरीच्या दुकानाची साइट त्यानेच उभी केली. पुढचं काम किरकोळ. नव्या फ्रेमचे फोटो चढवायचे, विकल्या की उतरवायचे, दुकान कधी उघडं कधी बंद ते लिहायचं.

आई गेल्यावर त्याने तेही सोडलं. पडदे ओढून दिवसभर लोळायचा. वहिनी दाराबाहेर ताट ठेवायची आणि तसंच उचलून न्यायची. शेवटी बॅटरी थेट खोलीत शिरला.

"ऊठ. साइट कोण बघणार, तुझा काका?"

"इथूनच करतो."

"जमणार नाही. दुकानाचं काम दुकानाच्या कॉम्प्युटरवर. मालक मी आहे."

मग साइटमध्ये बदल फक्त त्याच कॉम्प्युटरवरून होतील अशी सोय वायरलाच करून द्यावी लागली. थोडे दिवस गेला, मग दांड्या सुरू झाल्या. त्याच सुमारास ती सूचना दिसली.

साइटवर सूचना आधी लिहून ठेवता येते. वेळ लावली की त्या वेळेला ती आपोआप झळकते. त्या सकाळी वायरने कॉम्प्युटर लावला, तर एक सूचना दहाची वेळ लावून तयार होती. "दुकानाचे मालक आज आपल्यात नाहीत. दुकान बंद राहील."

"हा काय चावटपणा?"

बॅटरी काउंटरमागून आला. वाचलं. चष्मा काढून पुसला, परत वाचलं. "मी कशाला लिहू? मला अजून लग्न करायचंय."

वायरने सूचना पुसली. दुसऱ्या दिवशी तीच, तिथेच, दहाची वेळ लावून. पासवर्ड बदलला. तरी तिसऱ्या दिवशी हजर. भिंतीभर लावलेल्या फ्रेमा डोळे नसलेल्या चेहऱ्यांसारख्या बघत राहायच्या.

"पुसलीस ना?" बॅटरी रोज विचारायचा. आवाज हलका, पण काच पुसणारा हात थांबलेला. दहा टळले की कुठे तो हात पुन्हा चालायला लागायचा.

वायरच्या दांड्या संपल्या. दहाच्या आत पोचायचं म्हणून लवकर उठणं आलं. उठलाच आहे म्हणून अंघोळ. अंघोळ झाली म्हणून खाणं.

"काय भाऊजी, कोण पोरगी?" वहिनीने विचारलं.

"पोरगी नाही. बॅटरी."

"अगंबाई! आणि त्याच्यासाठी इस्त्रीचा शर्ट?"

मग एका सकाळी बस वाटेत बंद पडली. वायर धावत सुटला, पण दहा वाजून गेले होते. काचेच्या दारातून त्याला आधी शिडी दिसली, आडवी. मग बॅटरी. वरच्या कपाटातल्या फ्रेमा सगळीकडे सांडलेल्या आणि त्यांच्या मधोमध तो पडलेला. डोळे उघडे, कपाळ रक्ताने भरलेलं, छाती हलत नव्हती.

वायरने बॅटरीला हात लावला नाही. आधी कॉम्प्युटर गाठला आणि साइटवर झळकणारी सूचना पुसली. मागे बॅटरीने जोरात श्वास ओढला, पाण्याखालून वर आल्यासारखा.

कपाळाला टाके पडले. तेव्हापासून दुकान वायर उघडू लागला. बॅटरी निवांत मागून यायचा. वायर ताप असला तरी गेला, सुट्टीच्या दिवशीही किल्ली घेऊन गेला. बॅटरीने सूचनेचं नाव काढणं सोडलं होतं. वायरनेही काढलं नाही. कशाला बिचाऱ्याला घाबरवा?

काल मात्र बॅटरी आल्या आल्या त्याच्यासमोर स्टूल ओढून बसला.

"परगावची नोकरी नाकारतोयस म्हणे. वहिनी सांगत होत्या."

"साइट कोण बघणार?"

"खड्ड्यात गेली साइट. ऐक, आणि शिव्या नंतर दे." बॅटरीने चष्मा काढला. "ती सूचना मी लिहायचो."

वायरने दुकानाची किल्ली काउंटरवर ठेवली.

"तू उठत नव्हतास रे. मला काही सुचेना. म्हटलं, स्वतःसाठी नाही तर माझ्यासाठी तरी उठेल गाढव."

"मी पासवर्ड बदलला होता."

"टाइप करताना तू ओठ हलवतोस. शाळेत पाढे म्हणायचास तसे."

वायरला हसू फुटलं. हसता हसता डोळे भरले आणि मग आई गेल्यापासून अडकलेलं सगळं रडणं एकदम बाहेर आलं. बॅटरीने चष्मे पुसायचं फडकं त्याच्या हातात कोंबलं.

"आणि शिडी?" वायरने नाक पुसत विचारलं.

"अरे, खरंच पडलो! नाटकासाठी कोण डोकं फोडून घेईल? पण तेव्हा माझीच टरकली. त्या सकाळी लिहिली ती शेवटची. परत हात लावला नाही, आईशप्पथ. तरी तू येत राहिलास. म्हटलं, चला, आपला गडी बरा झाला. आता उद्याच नीघ. इथे तुझं काही अडलेलं नाही."

वायरने कॉम्प्युटरकडे पाहिलं. मघाशी, बॅटरी यायच्या आधी, त्याने त्या दिवशीची सूचना पुसली होती. आदल्या दिवशी आदल्या दिवशीची. बॅटरी शिडीवरून पडल्यानंतरही, रोजची रोज.

"काय रे? निघतोयस ना उद्या?"

"नाही," वायर म्हणाला. "उद्या इथेच येतो. परवाही. रोज येईन, बॅटरी. दहाच्या आत."